सातव्या फ्रेटपाशी एक टिकली

प्रश्न : निवृत्त झाल्यावर क्लासिकल गिटारचा क्लास लावला आहे. कॉलेजात असताना मित्राची स्टीलच्या तारांची गिटार वाजवायचो. तिच्यावर पांढरे ठिपके होते, त्यामुळे हात कुठे आहे ते चटकन कळायचं. आता घेतलेली गिटार नायलॉनच्या तारांची आहे. एका कारागिराने हाताने बनवलेली, जुनी पण सुस्थितीतली. तिच्यावर औषधालाही ठिपका नाही. पाचव्या फ्रेटवरून नवव्यावर जायचं म्हटलं की बोट हमखास दहाव्यावर पडतं. सर म्हणतात, ‘सवय होईल.’ होईल तेव्हा होईल, तोवर एखादी खूण करावी म्हणतो. पण वाद्य खराब करायचं नाही. पेनने करू, व्हाइटनरने करू की स्टिकर लावू? आणि मुळात या गिटारवर ठिपके का नसतात? – एक वाचक, नाशिक

उत्तर : व्हाइटनरची बाटली आधी ड्रॉवरमध्ये परत ठेवा, मग बोलू.

ठिपके का नसतात, ते पहिल्यांदा पाहू. आज जिला आपण क्लासिकल गिटार म्हणतो, तिचा घाट एकोणिसाव्या शतकात स्पेनमधल्या अँटोनिओ दे तोरेस (१८१७–१८९२) या कारागिराच्या हातून जवळपास पक्का झाला. नटपासून ब्रिजपर्यंत तारेची मोकळी लांबी साधारण ६५० मि.मी., नेक रुंद, आणि नेक जिथे बॉडीला मिळते तिथेच नेमका बारावा फ्रेट. म्हणजे सप्तक जिथे पुरं होतं ती जागा बॉडीच्या खांद्यानेच दाखवून ठेवली आहे. तिथे आणखी ठिपका कशाला? स्टीलच्या तारांच्या गिटारचं तसं राहिलं नाही. अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीने १९२९ मध्ये चौदाव्या फ्रेटला बॉडी सुरू होणारी ओएम गिटार आणली, पुढे बहुतेकांनी तोच कित्ता गिरवला आणि बारावा फ्रेट बॉडीपासून सुटून नेकवर उघडा पडला. इलेक्ट्रिक गिटारला तर बावीस-चोवीस फ्रेट असतात. तिथे ठिपक्यांवाचून चालायचं नाही.

बाकीचा भाग रिवाजाचा. क्लासिकलवाल्यांना काळा, निर्लेप फ्रेटबोर्ड आवडतो. हाताने जागा ओळखावी, डोळ्याने नव्हे, असं त्यांचं म्हणणं. ते खोटं नाही. पण अनेक उत्तम कारागीर सातव्या फ्रेटपाशी, फ्रेटबोर्डच्या कडेवर, एक बारीक ठिपका स्वतःहून घालून देतात. तेव्हा खूण करणं म्हणजे काही धर्म बुडवणं नव्हे. सरांनाही तसं सांगून पाहा.

तुमचं बोट दहाव्यावर का पडतं, याचं उत्तर मात्र फूटपट्टीत आहे. फ्रेट जसजसे बॉडीकडे सरकतात तसतसे एकमेकांच्या जवळ येतात. प्रत्येक पुढच्या फ्रेटला तारेची उरलेली लांबी सुमारे अठरा भागांतल्या एका भागाने कमी होते. ६५० मि.मी.च्या गिटारवर पहिल्या फ्रेटपासून पाचवा साडेबारा सें.मी.हून थोडा जास्त दूर आहे. पाचव्यापासून नववा मात्र जेमतेम १० सें.मी. दोन्हीकडे फ्रेट चारच, पण अंतरात अडीच सें.मी.चा फरक. नवशिक्याचा हात खालच्या फ्रेटवर मुरलेला असतो, तो तेच माप घेऊन उडी मारतो आणि पुढे जाऊन पडतो. घरी टेप लावून पाहा, पटेल.

आता ठिपका कुठे हवा? फ्रेटबोर्डच्या तोंडावर, म्हणजे तारांखाली, तर मुळीच नको. डावा पाय फूटस्टूलवर, गिटार डाव्या मांडीवर, नेक वर उचललेली, अशा क्लासिकल बैठकीत तुम्हाला दिसते ती फक्त फ्रेटबोर्डची वरची कड, जाड्या तारेच्या बाजूची. तोंडावरचे ठिपके समोर बसलेल्या श्रोत्याला दिसतात आणि फोटोत छान येतात. वाजवणाऱ्याला ते बघायचे तर गिटार स्वतःकडे कलंडवावी लागते. ती कलंडली की डावं मनगट मुडपतं, आणि मनगट मुडपलं की बार कॉर्ड, म्हणजे तर्जनी तारांवर आडवी दाबून धरायची ती कॉर्ड, वाजता वाजत नाही. मित्राच्या त्या जुन्या गिटारची कड आठवून पाहा. तिच्यावरही बारीक ठिपक्यांची दुसरी रांग असणार. वाजवताना तुमची नजर जायची ती त्याच रांगेवर.

किती ठिपके? माझं मत विचाराल तर एक, सातव्या फ्रेटचा. तुमची पाच-नऊची अडचण आहे म्हणून फार तर तीन : पाच, सात, नऊ. या जागांना गणिताचाही आधार आहे. बारावा फ्रेट तारेच्या बरोबर निम्म्यावर, सातवा जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यावर, पाचवा पाव हिश्श्यावर. ६५० मि.मी.चा तिसरा हिस्सा २१६.७ मि.मी. आणि सातव्या फ्रेटची धातूची पट्टी २१६.२ वर, म्हणजे अर्धा मिलिमीटरही फरक नाही. या तीन जागी तार न दाबता बोट नुसतं टेकवून छेडलीत तर घंटेसारखा हार्मोनिक स्वर उमटतो. ठिपका लावण्याआधी एकदा हे करून बघा. मोजताना एखादा फ्रेट चुकला असेल तर तिथेच कळेल.

चूक बहुधा आणखी एका ठिकाणी होते. पाचव्या फ्रेटचा ठिपका पाचव्या धातूच्या पट्टीवर लावायचा नसतो. तो चौथी आणि पाचवी पट्टी यांच्यामधल्या जागेत, मधोमध. ही जागा साधारण २९ मि.मी.ची. आठव्या-नवव्यामधली २३ मि.मी.ची. पेन्सिलने नव्हे, कागदाच्या पट्टीवर मधला बिंदू काढून ती पट्टी कडेला टेकवून जागा ठरवा, म्हणजे वाद्यावर रेघ ओढावी लागणार नाही.

हे झालं जागेचं. खरी मेख आहे ती पॉलिशमध्ये. कारखान्यात बनणाऱ्या बहुतेक गिटारवर पॉलियुरेथेनचा थर असतो, कडक, जाड, बराचसा निगरगट्ट. पण तुमची हातची आहे, आणि हातच्या क्लासिकल गिटारवर अजूनही अनेक कारागीर फ्रेंच पॉलिश करतात. म्हणजे चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्याने शेकडो वेळा फिरवलेला अतिशय पातळ थर. आपल्याकडे जुन्या सुतारांना हे ‘स्पिरिट पॉलिश’ म्हणून चांगलं ठाऊक आहे. लाखही आपल्याच झारखंड-छत्तीसगडकडची. या थरासारखी देखणी चमक दुसऱ्या कशाला येत नाही, आणि याच्याइतका हळवाही दुसरा थर नाही. जो स्पिरिटमध्ये विरघळून तयार झाला, तो स्पिरिट लागलं की पुन्हा विरघळतो. परमनंट मार्करच्या शाईत अल्कोहोल असतं. सॅनिटायझरमध्ये असतं. सॅनिटायझर चोळलेल्या ओल्या हाताने अशी गिटार उचललीत तर नेकवर बोटांचे ठसे कायमचे राहतील. ठिपक्याची तर बातच सोडा.

तिसरा प्रकार नायट्रोसेल्युलोज लॅकरचा. गिब्सन, मार्टिन यांच्या चांगल्या गिटारवर हाच असतो. इथे नेलपॉलिश मोठा घात करते. कारण नेलपॉलिश हे मुळात नायट्रोसेल्युलोजच आहे, एथिल आणि ब्युटिल ॲसिटेटमध्ये विरघळवलेलं. थेंब टेकला की खालचा थर मऊ होतो आणि दोघं एकजीव होतात. मग ठिपका काढायचा म्हणजे पॉलिशही काढायचं. त्यावर कुणी ॲसिटोनचा बोळा फिरवला तर विचारूच नका. बहुतेक व्हाइटनरमध्येही तीव्र सॉल्व्हंट असतं, म्हणून तेही बाद. लॅकरवर प्लॅस्टिकचे व्हिनाइल स्टिकरही दीर्घकाळ ठेवू नयेत. व्हिनाइल लवचीक राहावं म्हणून त्यात जे तेलकट रसायन घालतात ते हळूहळू झिरपून लॅकर चिकट करतं. रबराच्या स्टँडवर टांगलेल्या गिटारच्या नेकवर काळे डाग पडतात, त्याचं कारणही असंच.

आणि चौथी शक्यता, कडेला काही पॉलिशच नसण्याची. खिडकीपाशी बसून गिटार तिरकी धरा. नेकची चकाकी अखंड वर फ्रेटबोर्डच्या कडेपर्यंत चढत असेल तर कडेला थर आहे. कड मंद दिसत असेल आणि लाकडाची बारीक छिद्रं, रेषा उघड्या दिसत असतील तर लाकूड कोरं आहे. फ्रेटबोर्ड बहुधा एबनीचा किंवा शिसवीचा असतो. ती शिसवी पुष्कळदा आपल्या सह्याद्रीत आणि दक्षिणेतल्या घाटांत वाढणारीच, जगभरचे गिटारवाले तिला इंडियन रोझवूड म्हणतात. शिसवीची छिद्रं मोठी असतात. कोऱ्या शिसवीवर शाई, रंग, काहीही टेकवलंत की ते आत उतरतं आणि वर घासून निघत नाही.

नक्की कुठला थर आहे ते कळत नसेल तर स्पिरिट पॉलिश आहे असंच समजून चाला.

मग लावायचं काय? टिकली. थट्टा नाही. साधी, बिनखड्यांची, दुकानात मिळते त्यातली सगळ्यांत बारीक, दोन-तीन मि.मी.ची. फ्रेटबोर्डची कड सहा-सात मि.मी. जाड असते, तिच्यावर ही नेमकी बसते. कपाळावर लावायची असल्याने तिचा गोंद बेताचा असतो आणि सोलताना त्रास देत नाही. गडद लाकडावर पिवळी किंवा पांढरी घ्या. मरून टिकली शिसवीवर चार इंचांवरूनही दिसत नाही. मखमली टिकलीत धूळ आणि घाम बसून ती महिन्याभरात कळकट होते, तेव्हा बदलायची. दहा रुपयांच्या पाकिटात वर्ष निघतं. दुसरा पर्याय मास्किंग टेपचा, रंगारी वापरतात त्या कागदी, कमी चिकट टेपचा. तिचा तांदळाएवढा तुकडा कात्रीने कापून लावा. सेलोटेप नको. एप्रिल-मेच्या उन्हात तिचा गोंद वितळून पसरतो, पावसाळ्यात प्लॅस्टिक निघून येतं आणि गोंद मागे राहतो.

कारखान्याची पॉलियुरेथेनवाली गिटार असेल तर आणखी दोन वाटा मोकळ्या आहेत. एक, नंबरप्लेट करणाऱ्या रेडियमवाल्याकडे जा. त्याच्याकडे पांढऱ्या व्हिनाइलची कात्रणं पडलेली असतात आणि मशीनवर तो तीन मि.मी.चे ठिपके कापून देतो, बहुधा फुकटात. दोन, चित्रकलेचा पाण्यातला ॲक्रिलिक रंग टूथपिकच्या टोकावर घेऊन एक टिंब टेकवा. फिरवायचं नाही, नुसतं टेकवून उचलायचं. वाळल्यावर ते किंचित उंचवट्याचं होतं आणि नको झालं की ओलसर कापडाने मऊ करून नखाने निघतं. कोऱ्या लाकडावर हे अजिबात करू नका.

लावायची कृती काही मोठी नाही. तारा सैल करायची गरज नाही. कड कोरड्या सुती कपड्याने पुसा. त्याच दिवशी फ्रेटबोर्डला तेल दिलं असेल तर दोन दिवस थांबा, तेलावर काही चिकटत नाही. मग वाजवायच्या बैठकीत बसा आणि टिकली चिमट्याने घरातल्या कुणाला तरी लावायला सांगा, कारण गिटार टेबलावर आडवी ठेवून लावलेली खूण मांडीवर घेतल्यावर भलतीकडेच दिसते. कडेच्या वरच्या काठाला चिकटवू नका, मधोमध किंवा किंचित खाली लावा. बार धरताना तर्जनीचं टोक वरच्या काठावरून डोकावतं. काठाला लागून टिकली असेल तर चार दिवसांत ती बोटाला चिकटून निघून येईल. स्टीलची गिटार वाजवणारे अंगठा वरून काढतात, त्यांच्याकडे तर काही टिकत नाही. तुमचा अंगठा नेकच्या मागे राहतो, तेवढा फायदा.

काढताना घाई नको. टिकलीवर तोंडाची गरम वाफ सोडा, एक कड नखाने उचला, सावकाश सोला. गोंद राहिला तर मास्किंग टेपच्याच गोळीने टिपून घ्या. तरीही राहिला तर सिगारेट लायटरमध्ये भरतात ते नॅफ्था कापडाच्या टोकाला किंचित लावून पुसा. ते लाखेला आणि लॅकरला विरघळवत नाही. गॅसच्या शेगडीपासून दूर, खिडकी उघडून. गोंद काढायला घरोघरी निलगिरीचं तेल वापरतात, ते पॉलिशवर नको. आणि पॉलिशचे पापुद्रे आधीच सुटायला लागले असतील तर कुठलीच चिकट वस्तू लावू नका. टिकलीबरोबर पापुद्राही येईल.

कायमचा ठिपका हवाच असेल तर तो कारागिराचा मामला. कडेवर आधी आरीने बारीक खळगा पाडतात, म्हणजे ड्रिल घसरत नाही. मग दोन मि.मी.च्या ड्रिलने तीनेक मि.मी. खोल भोक, त्यात पांढऱ्या प्लॅस्टिकची काडी गोंदाच्या थेंबासह बसवतात, पटाशीने सपाट कापतात, घासतात, वरून पॉलिशचा हात. कसलेल्या माणसाला तासाभराचं काम. पण ज्याने गिटार बनवली त्याच्याकडून किंवा तारवाद्यांची दुरुस्ती करणाऱ्याकडूनच. फर्निचरच्या सुताराकडून नव्हे. एका हौशी गृहस्थांनी घरच्या भिंतीच्या ड्रिलने हा उद्योग केलेली गिटार मी पाहिली आहे. सातव्या फ्रेटचं भोक फ्रेटबोर्ड आणि नेक यांच्या सांध्यात गेलं होतं. तुमच्या वाद्याला मी एवढ्यात भोक पाडणार नाही. सहा महिने टिकली वापरा. तोवर बहुधा नजरच तिकडे जायची थांबलेली असेल.

प्रश्न : माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, गिटार शिकते. ऑनलाइन मिळतात तसे सगळ्या स्वरांची नावं छापलेले स्टिकर तिच्या फ्रेटबोर्डवर लावावेत का? – एक आई, डोंबिवली

उत्तर : वाद्याचं फारसं नुकसान होणार नाही, पण मुलीचा फायदाही बेताचाच.

तार दाबली की ती धातूच्या पट्टीवर टेकते, लाकडावर नाही, त्यामुळे पातळ स्टिकरने आवाज बदलत नाही. मात्र घामाने त्याची एखादी कड उचलली गेली की तार तिला घासून खर्र आवाज येतो आणि आईबाप गिटार दुकानात दुरुस्तीला घेऊन जातात. शिसवीच्या कोऱ्या फ्रेटबोर्डवर हे स्टिकर फार दिवस टिकत नाहीत. पॉलिश केलेल्या मेपलच्या फ्रेटबोर्डवर उलट इतके घट्ट बसतात की काढताना नाकी नऊ येतात.

मुख्य अडचण वेगळी आहे. सहा तारा गुणिले बारा फ्रेट, एवढी अक्षरं समोर असली की मूल वाचायला लागतं, ऐकायचं राहून जातं. हार्मोनियमच्या पट्ट्यांवर सा-रे-ग-म लिहून शिकलेली मुलं तुम्ही पाहिली असतील. पट्टी बदलून काळी दोनवरून गायला सांगितलं की अडतात. शिवाय अक्षरं वाचायला ती गिटार कलंडवणार, आणि मनगटाचं काय होतं ते वर नाशिकच्या वाचकांना सांगितलंच आहे. सगळी नावं हवीतच असतील तर एकाच तारेपुरती, सगळ्यांत जाड तारेची लावा : तिसऱ्या फ्रेटला जी, पाचव्याला ए, सातव्याला बी. पुढची तार बदलायची वेळ आली की काढून टाका, कारण तारा उतरवलेल्या असताना स्टिकर सोलणं सोपं जातं.

प्रश्न : घरात गिटार आणि युकुलेली दोन्ही आहेत. गिटारवर नवव्या फ्रेटला ठिपका आहे, युकुलेलीवर दहाव्याला. एक कुठलंतरी चुकलंय का? – एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : दोन्ही बरोबर. मँडोलिन, बँजो आणि बऱ्याच युकुलेलींवर ठिपका दहाव्या फ्रेटला असतो, गिटारवर नवव्याला. गिटारमध्येही अपवाद आहेत. जँगो राइनहार्ट जी वाजवायचा त्या फ्रेंच बनावटीच्या सेल्मर गिटारवर दहाव्याला ठिपका असतो. दुसऱ्याची गिटार हातात घेऊन मैफलीत बसणारे अनेक जण याच ठिपक्याने फसतात.

नवव्याच्या बाजूने बोलायचं तर आकृती सुंदर जमते. ३, ५, ७, ९ आणि मग १२ ला दोन ठिपके. सहाव्या फ्रेटवर आरसा धरला तर पाचाचं प्रतिबिंब सात आणि तीनाचं नऊ. बाराच्या दोन्ही बाजूंनाही तेच, अलीकडे तीन घरांवर नऊ, पलीकडे तीन घरांवर पंधरा. डोळ्याला ही रांग लगेच लक्षात राहते.

पण स्वरांच्या बाजूने बघितलं तर दहाव्याचं पारडं जड आहे, निदान माझ्या मते. नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये गिटारच्या दहाव्या फ्रेटवर जाड तारेपासून क्रमाने डी, जी, सी, एफ, ए, डी असे स्वर येतात. सहाच्या सहा साधे. एकही शार्प नाही, एकही फ्लॅट नाही. पाचव्या फ्रेटलाही असंच : ए, डी, जी, सी, ई, ए. नवव्यावर मात्र सहापैकी चार स्वर शार्प. स्वरांची नावं पाठ करायची असतील तर दहावा फ्रेट सोन्यासारखा आहे. ज्यांची गिटार कोरी आहे आणि जे स्वतः खुणा करणार आहेत, त्यांनी याचा विचार करायला हरकत नाही. पण शिक्षकाची आणि तुमची गिटार एकसारखी असावी, नाहीतर क्लासमध्ये ‘चौथ्या ठिपक्यापाशी ये’ म्हटलं की गोंधळ.

प्रश्न : मी डावखुरा आहे. उजव्या हाताच्या गिटारच्या तारा उलट्या लावून वाजवतो. कडेचे ठिपके मला दिसतच नाहीत. – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : दिसणार नाहीत, ते आता जमिनीकडे तोंड करून आहेत. वरच्या कडेला नव्याने लावा, वर सांगितलेल्या कुठल्याही पद्धतीने. जुने तसेच राहू द्या, ते कुणाला त्रास देत नाहीत. मात्र नटच्या खाचा जाड-बारीक तारांच्या मापाने पाडलेल्या असतात. तारा उलट्या लावल्यावर नट बदलून घेतला आहे ना, तेवढं पाहा. नाहीतर जाडी तार बारीक खाचेत अडकून सूर धरत नाही.

प्रश्न : काकांची जुनी हवाईयन गिटार माझ्याकडे आली आहे. तिच्यावर गाणी बसवतो, पण ठिपक्याच्या मधोमध रॉड ठेवला की सूर खाली येतो. गिटार बिघडली आहे का? – एक वाचक, मडगाव

उत्तर : गिटार ठणठणीत आहे. साध्या गिटारवर बोट दोन पट्ट्यांच्या मध्ये कुठेही दाबलंत तरी सूर ठरवते ती पुढची पट्टी. हवाईयनमध्ये तार पट्टीला लागतच नाही. रॉड जिथे, सूर तिथे. म्हणून रॉड ठिपक्याच्या जागेत नको, त्या जागेच्या बॉडीकडच्या पट्टीच्या बरोबर वर, तिला समांतर धरायचा. नजरही सरळ वरून हवी. बाजूने पाहिलं तर रॉड पट्टीवर असल्यासारखा वाटतो आणि असतो तीन-चार मि.मी. मागे. तुम्हाला खूण करायचीच असेल तर या वाद्यावर ती पट्टीच्याच रेषेत, कडेवर करा. पाच, सात आणि बारा पुरेत.

आता त्यावर तुम्ही राग वाजवणार असाल तर एक गोष्ट आणखी. ब्रिजभूषण काब्रांनी हे वाद्य रागसंगीतात रुजवलं, पुढे विश्वमोहन भट्टांनी त्याची मोहनवीणा केली, पण दोघांच्याही रॉडला पट्ट्यांचं बंधन नव्हतं. गिटारचे फ्रेट सप्तकाचे बारा सारखे भाग पाडून बसवलेले असतात. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले, रागाप्रमाणे सरकवता येतात, म्हणून तर सतारीच्या दांडीवर कुणी ठिपके लावत नाही. गिटारचे सरकत नाहीत. मोकळी तार षड्ज धरली तर चौथा फ्रेट येतो शुद्ध गंधाराचा, पण तानपुऱ्यात ऐकू येणारा गंधार आणि हा फ्रेट एकमेकांशी जुळत नाहीत. तानपुऱ्याचा गंधार तारेच्या पाचव्या हिश्श्यावर आहे. ६५० मि.मी.च्या तारेवर तो नटपासून १३० मि.मी.वर पडतो आणि चौथी पट्टी आहे १३४ वर. तेव्हा तानपुरा लावून रॉड चौथ्या पट्टीवरून नटकडे सावकाश सरकवत आणा. चारेक मिलिमीटर मागे आल्यावर गंधार तानपुऱ्यात मिसळून जाईल, तिथे थांबा.